घोड्याच्या वजनाचे चिरे

"नाक वर गेला रे, दत्ताराम! नाक!" आंतोन ओरडला.

पिकपचं नाक खरंच वर गेलं होतं. मागच्या आकड्याला ट्रेलर, ट्रेलरात जांभ्या दगडाचे बारा चिरे, आणि पुढची चाकं जमिनीला नुसती लाजत टेकलेली. दत्ताराम उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारून आला. अशा गाडीने आंबोलीचा घाट उतरायचा तर वळणावर पुढची चाकं वळलीच नसती.

"सगळो भार आकड्यार घातलंस," आंतोन म्हणाला. आंतोन कसालचा लोहार; आकडा त्याचा, ट्रेलरही त्यानेच जोडलेला. "चिरे मागे घे. चाकांच्या वयर बसाक व्हये."

"चिरे बसतत रे. घोडो उबो रवतलो."

"तेका माझा नाव सांग. गप ऱ्हवतलो."

चिरे मागे सरकले, नाक खाली आलं. दत्तारामाने बॉनेटवर थाप मारली. लिलावातली ही लष्करी पिकप घेतली तेव्हा आचऱ्यात तिला लोखंडी डबा म्हणून लोक हसले होते. आता हाच डबा बेळगावहून जिवंत घोडा घेऊन घाट उतरणार होता. रस्त्यातल्या दर गावात हॉर्न द्यायचा, हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

घोडा बाबलीचा. म्हणजे होणार होता. मुंबईच्या गोदीत जन्म काढून गावी परतलेला हा बाबली रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला. "बेळगावाक घोडो बघून ठेवलंय. वरातीक भाड्यान देतलंय. चालवत हाडलंय तर खूर झिजतले. तुझ्या पिकपीक जमात?"

दत्तारामाला जरा नवलच वाटलं. कारण गेल्या वर्षी स्वतः दत्तारामाने मुलीच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा रामेश्वराच्या देवळात पाच मानकऱ्यांसमोर हात जोडून सांगितलं होतं, "चेडवाक चिऱ्याच्या घरातच देतलंय." देवासमोरचा शब्द तो, मागे घेता येत नाही. त्यानंतर चार स्थळं आपापल्या मातीच्या भिंती घेऊन परत गेली. त्यातलं एक बाबलीच्याच मुलाचं, परशुरामचं. पण बाबलीच्या मनात अढी दिसली नाही. माणूस मोठ्या मनाचा, असं दत्तारामाने मनातल्या मनात लिहून टाकलं.

तालीम केल्याशिवाय घाट नको, हे दत्ताराम आणि बाबली दोघांनाही पटलं. कसालच्या खाणीवर चिरे भरायचे, आचऱ्याला बाबलीच्या आवारात घोड्याच्या तबेल्यासाठी उतरवायचे. चिरे आणि पेट्रोल बाबलीचं, मेहनत दत्तारामाची. तालमीला तिकीट लावतात का कुठे?

"बाबलीच्या बेड्याकडची वाट भुसभुशीत आसा," दत्तारामाची मुलगी सुगंधा आवाराच्या फाटकाकडे बोट दाखवून म्हणाली. "थंय ट्रेलर चढलो तर खंयय चढतलो."

पोरीला गाडीतलं कळतं, याचा बापाला अभिमान. ती रोज शेजारी बसायची आणि वहीत खेप लिहायची. वहीचं पहिलं पान मात्र तिने दुमडून ठेवलं होतं. "ता देवाचा. उघडू नये."

"बाबा, आज आठ चिरे वाढव," ती मध्येच सांगायची. "घोडो बुजलो तर भार दुप्पट होता."

बाराचे वीस झाले. आंतोनने ट्रेलरच्या स्प्रिंगच्या कमानीत दोन पाटे वाढवले. मागची चाकं घाटात जागच्या जागी फिरू नयेत म्हणून पिकपच्या हौद्यातही चिरे आले. विसाचे चाळीस झाले. ब्रेक दाबल्यावर ट्रेलर मागून ढकलायचा, तर आंतोनने ट्रेलरलाच वेगळा ब्रेक बसवला. त्या दिवशी दत्ताराम घरी जेवलाच नाही, इतका खूश.

तिकडे आवारात तबेला उभा राहत होता.

"केवढो ह्यो तबेलो!" दत्ताराम म्हणाला.

"घोडो म्हणजे काय बकरो?" बाबली म्हणाला.

"आणि ह्यो खिडक्यो?"

"वारो नको त्येका?"

"चूल?"

"चणे कच्चेच घालू?"

शेवटच्या दोन खेपा कौलांच्या. ही युक्ती सुगंधाची. एक कौल फुटलं तर घोड्याचा पाय मोडला असं समजायचं. दत्तारामाने गाडी अशी आणली की मांडीवरचं तान्हं पोर जागं झालं नसतं. एकही कौल फुटलं नाही. आंतोनने टोपी काढून पिकपला सलाम ठोकला.

अक्षय्य तृतीयेला पिकप धुतली, बॉनेटला अबोलीचा हार घातला. बाबलीकडून नारळ घ्यायचा आणि थेट बेळगाव. पण आवारात चटया टाकल्या होत्या. चटयांवर देवळातले ते पाच मानकरी बसले होते. मुंबईहून घोडा बघायला आलेला परशुरामही खांबाला टेकून उभा होता, कोरं धोतर नेसून.

"नारळ दी, बाबली. घोडो हाडूक जातंय."

बाबलीने नारळ दिला. वर पानसुपारी ठेवली. "जा. पण आधी सांग, ह्यो भिंती कसल्यो?"

"चिऱ्याच्यो. मीच हाडलंय मरे!"

"आयकलात?" बाबली मानकऱ्यांकडे वळला. पाचही माना एकदम हलल्या.

दत्तारामाने चुलीकडे पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं, परशुरामच्या कोऱ्या धोतराकडे पाहिलं. "आणि... घोडो?"

"वरातीक लागतलोच. जावयाचो घोडो हाडूचा भाडा सासरो थोडोच घेता?"

दत्ताराम गर्रकन सुगंधाकडे वळला. तिने मान खाली घालून वही पुढे केली. त्याने देवाचं दुमडलेलं पान उघडलं.

पोरीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'चिरे तेराशे वीस, कौलं हजार. चूल पूर्वेक. दाराशी तुळस.' आणि वर तारीख होती होळीची, घोड्याचं नाव निघण्याच्याही आधीची.