लाल जीभ

"जीभ दाखवा," मी म्हटलं आणि पाळणाघरातल्या सगळ्या जिभा एकदम बाहेर आल्या. बिटाची कोशिंबीर खाऊन ज्याची जीभ लाल होईल, त्यालाच अंगणात पळायला सोडायचं, हा माझा नियम. पालकसभेत मी तो इतक्या ऐटीत सांगितला होता, की दोन बाबांनी चक्क मोबाइल खिशात ठेवले होते.

"मावशी, आता तुझी दाखव," चार वर्षांची राजनंदिनी म्हणाली.

बीट आजतागायत माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. हा नियम मोठ्यांना नसतो, असं मी तिला गोड आवाजात समजावलं. ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली, अगदी मी राहते तशी. शेवटी मी जीभ बाहेर काढली. ती चहाच्या रंगाची होती.

"मग तू चटईवर बस. आम्ही पळून येतो," ती म्हणाली.

एवढ्यात गलका ऐकून माझी आई काठी टेकत स्वयंपाकघरातून बाहेर आली. राजनंदिनीने तिलाही अडवलं. "आजी, जीभ?"

आईने मुकाट्याने जीभ काढली. लालभडक. माझ्या वाटीतलं बीट मी परकरात होते तेव्हापासून तीच गुपचूप संपवते.

राजनंदिनीने तिचा हात धरला आणि सगळी फौज अंगणाकडे निघाली. आई दारात क्षणभर थांबली आणि चटईवर बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "रडायचं नाही हं. उद्या एक घास खाऊन बघ."