मास्तरांची जागा

"आई, दोन निळी सलग ओवलीस." तिने कागदी फुलांची माळ उचलून धरली. "आणि इथे तीन लाल. डोळे मिटून ओवत होतीस का?"

आईचे हात मांडीवरच्या फुलांत थांबले. शिडीवरून नवरा म्हणाला, "असू दे गं. मीच म्हटलं, या वर्षी जरा वेगळं करू."

"बघ, तुझ्या मास्तरांना आवडलं," आई म्हणाली, आणि दोघं हसली.

ते हसणं तिला झोंबलं. काल आल्यापासून हेच चाललं होतं. दिवाळीला सुट्टीचे चार दिवस मिळावेत म्हणून तिने हॉस्पिटलात आठवडाभर दुसऱ्या नर्सांच्या पाळ्या केल्या होत्या, आणि इथे माहेरी आईला जावयापुढे काही सुचत नव्हतं. खिळा कुठे ठोकायचा? मास्तर सांगतील. पडदे कोणते लावायचे? मास्तर सांगतील. मास्तरांना चहा कडक लागतो हे आईच्या लक्षात होतं. लेकीने साखर सोडून वर्ष झालं, ते मात्र नव्हतं. शाळेत भूगोल शिकवणारा हा माणूस लग्नानंतर दोन वर्षं या घरात तोंड उघडत नव्हता. आता घर त्याचं, आणि ती पाहुणी.

ती तणतणत स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर आईचा फोन वाजत होता. तिने उचलला. डोळ्यांच्या दवाखान्यातली बाई बोलत होती.

"आजींचं पुढचं इंजेक्शन येत्या शनिवारी आहे. जावई येतील ना सोबत? मागच्या तिन्ही वेळेला तेच होते."

"येतील," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला ते शनिवार आठवले. शाळेत जादा तास आहे म्हणून सांगून सकाळीच घराबाहेर पडणारा नवरा.

पाहुणे यायला अर्धा तास होता. आई कपडे बदलायला आत गेली, तशी ती शिडीपाशी जाऊन उभी राहिली.

"केव्हापासून?"

काय केव्हापासून, हे त्याने विचारलं नाही. "तीन महिने झाले. त्यांना मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माणूस दिसतो, चेहरा नाही. इंजेक्शनांनी आहे तेवढं टिकेल म्हणतात."

"आणि मी नर्स आहे."

"म्हणूनच. म्हणाल्या, चिऊला कळलं की ती माझ्याकडे पेशंटसारखं बघायला लागेल. शपथ घातली गं मला."

"इंजेक्शन देताना हात कुणाचा धरते?"

तो शिडीवरून एक पायरी खाली आला. "माझा."

तिला आईच्या डोळ्यांची काळजी वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी सलला तो आईने धरलेला त्याचा हात.

बेल वाजली. मावश्या, त्यांच्या सुना, शेजारी, आईच्या शिवणक्लासातल्या जुन्या मैत्रिणी. बघता बघता घर भरलं. आई दारात उभी होती आणि अर्धं पाऊल मागे नवरा. आता कुठे तिच्या ध्यानात आलं. त्याचे ओठ जेमतेम हलायचे, आणि आई पुढे होऊन म्हणायची, "अगं, तुझी वाट बघून डोळे शिणले!" कुणाला शंकासुद्धा येत नव्हती.

दिव्यांची माळ लागत नाही म्हणून कुणीतरी आतून मास्तरांना खुणेने बोलावलं. तो वळला. ती झटकन पुढे झाली आणि त्याच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

जिन्यावरून एक बाई येत होती.

"धाकट्या मावशीची सून," ती आईच्या कानाशी कुजबुजली. "कडेवर मुलगी आहे."

"अगंबाई, छोटीलाही आणलंस!" आईने दोन्ही हात पुढे केले. मुलीचा गालगुच्चा घेतला, दोघींना आत पाठवलं. मागे गलका वाढला होता. आईने मान वळवली नाही. जिन्याकडेच तोंड ठेवून ती हळूच म्हणाली, "मास्तर, चिऊला काही कळलं नाही ना?"

ती तशीच कुजबुजली, "नाही."