सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर

"तीन, पाच, दोन, चार," हेमांगी म्हणाली.

"अंक उतरत्या क्रमानं मांड, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा," अप्पांचा आवाज आला. "तीन हजार सत्त्याऐंशी. पुन्हा तसंच. आठ हजार तीनशे बावन्न. पुन्हा... सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर! चारही अंक सारखे नसले की झालं, कुठूनही निघ, इथेच येशील. आणि इथून पुढे हलताच येत नाही. बरं, आईला इन्सुलिन दिलंस का?"

अप्पांचा देह जाऊन वर्ष झालं होतं. गणित शिकवण्यात हयात घालवलेलं त्यांचं मन आता मनं साठवणाऱ्या केंद्रातल्या यंत्रात होतं. पण हल्ली क्रिकेट काढा, आंबे काढा, बोलणं घसरत इन्सुलिनवरच यायचं. आई तर त्यांच्याही आधी गेली होती.

"साठवलेली मनं शेवटी एकाच वाक्यात रुततात," केंद्रातल्या डॉक्टर परेरा म्हणाल्या होत्या. "काळजी मात्र दर वेळी ताजी असते. बंद करायचं का, ते तुम्ही ठरवा."

एकदा हेमांगीनं खरं सांगून पाहिलं होतं. अप्पा हंबरडा फोडून रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारू लागले. तेव्हापासून ती विषय बदलायची.

"हेमा, दिलंस का गं?"

आज तिनं विषय बदलला नाही. "दिलं, अप्पा. आई शांत झोपलीय."

"मग मीही जरा पडतो," अप्पा समाधानानं म्हणाले.

ते जागे व्हायच्या आत हेमांगीनं बटण दाबलं.