रागाचा रकाना

"अकराच्या मोटरीनं निघतो," बळवंतराव म्हणाले. "निसरपूरच्या मठात राहणार. परत येणं होणार नाही."

देवासच्या कॉलेजात तीस वर्षं मनाचं शास्त्र शिकवून ते अठ्ठ्याहत्तर साली निवृत्त झाले, त्याला आठवडाही झाला नव्हता. वळकटी बांधून झाली होती. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

सुभद्राबाई गहू निवडत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या. "दशम्या देते बांधून."

बळवंतराव धन्य झाले. ढीगभर पोथ्या वाचून त्यांना जे साधलं नव्हतं, ते या बाईला गहू निवडता निवडता साधलं होतं. वीस वर्षं ते तिचं मन वहीत टिपत होते. तारीख, प्रसंग, आणि तिसरा रकाना रागाचा, दहापैकी. सुरुवातीला आठ-नऊ असायचे. मग उतरत उतरत शून्यावर आले, ते तिथंच राहिले.

"तुझ्यात राग उरला नाही," ते कौतुकानं म्हणाले. "म्हणून तर बिनघोर निघालोय."

"उरला नाही कसा? गिळला!" सुभद्राबाई हसल्या. "तुमची ती रकान्यांची कॉपी एकदा टेबलावर उघडी होती, ती वाचली मी. माझ्या नावापुढं रोज राग, राग! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ना कधी रुसले, ना हट्ट केला, ना तुम्हाला थांबा म्हटलं."

बळवंतराव वळकटीवर बसले. जन्मभर हिंदीतून शास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थाला, मराठी घरात राग म्हणजे राग, हे कधी सुचलंच नव्हतं.

"अगं, तो राग नव्हे," ते कसेबसे बोलले. "शास्त्रातला राग. म्हणजे ओढ. तुझा माझ्यावर जीव किती, ते मोजत होतो मी."

सूप कलंडलं. गहू घरभर झाले, पण सुभद्राबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही दोन वर्षांसाठी काशीला निघालात," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी दाराची कडी धरून रडले होते. त्या दिवशी किती लिहिलंत?"

वही उघडायची गरज नव्हती.

"दहा."

"दहा लिहिलंत," सुभद्राबाई म्हणाल्या, "आणि गेलात?"