झाडूचा दांडा

टीव्हीवर त्या रॉकस्टारच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीचा सत्कार चालू होता. वीस अल्बम, खचाखच भरलेली स्टेडियम, त्याच्या नावाचं संगीत विद्यालय, सगळं सांगून झालं. मग तो स्वतः माइकसमोर आला.

"हे सगळं आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. लहानपणी मी गिटार हातात घेतली, की त्या खालून छतावर झाडूच्या दांड्याने ठेका धरायच्या. मी चुकलो, की आणखी जोरात! तालात वाजवायला मी तिथेच शिकलो."

त्याच खालच्या मजल्यावर, सोफ्यावर बसलेल्या काकूंनी वर पाहिलं. छताचा गिलावा एका जागी अजून उडालेलाच होता.

"ठेका?" काका पोट धरून हसायला लागले. "अगं, तू तर 'बंद कर मेल्या' म्हणून ठोकायचीस!"

"तुम्ही गप्प बसा हो."

तेवढ्यात वरच्या घरात नव्या भाडेकरूंच्या मुलीने ड्रम बडवायला घेतला. काकू सवयीने ताडकन उठल्या, झाडू उचलला आणि दांडा थेट छतापर्यंत नेला.



मग तसाच हळूच खाली आणला. "नको गं बाई! एक घडवला तेवढा पुरे."