पक्षप्रवेशाचा ट्रक

पुंजाजीनं ट्रकच्या फाळक्यावर पाय ठेवला, पण वरून कोणीच हात दिला नाही. वर सगळे मार्केट यार्डातलेच हमाल. एरवी भरलं पोतं वरच्या वर झेलणारे. पुंजाजी एकटाच धडपडत चढला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

खामगावात आज मोठी सभा होती. लाल झेंड्याची हमाल संघटना अख्खीच्या अख्खी सत्ताधारी पक्षात जाणार होती. तशी ती मनानं केव्हाच गेली होती. मोर्चा निघाला की मंडळी लाल झेंड्याखाली यायची आणि मतं तिकडं टाकायची. तिकडच्यांनी मारुतीपुढं सभामंडप बांधून दिला होता, बायकांना देवदर्शनाला गाड्या दिल्या होत्या. पुंजाजीच्या भाषणात देव कधी आलाच नाही. घरी तो शनिवार धरायचा, पण ते घरी.

पुंजाजी संघटनेचा अध्यक्ष. वर्षभर तो एकटाच अडून बसला होता. शेवटी थकला. लोभ नव्हता, भीती नव्हती, नुसता कंटाळा आला होता. भंडाऱ्याच्या पंगतीतसुद्धा शेजारी कोणी बसेना. काल त्यानं संघटनेच्या खोलीची चावी सोबतच्या कचरू हमालाच्या हातात दिली आणि पाटी उतरवून टाका म्हणाला. आपणही येतो, हे मात्र तोंडातून निघालं नाही. लाज वाटली.

सकाळी त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, शर्टाला इस्तरी करून दिली. “आता तरी चार लोकाइत बसान,” ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यालाही.

ट्रकमध्ये नव्या पक्षाचे गमछे वाटणं चाललं होतं. गठ्ठा या हातातून त्या हातात फिरत पुंजाजीपर्यंत आला आणि त्याला ओलांडून पुढं गेला.

“काऊन बे कचरू, मले नाही का?”

बोलला तो गोकुळ. पोत्यांची थप्पी कोसळून गोकुळचा पाय चेपला होता, आणि हा आपल्याकडं कामालाच नव्हता, असं त्या पोत्यांचा मालक शेठ कोर्टात सांगत होता. त्या केसमागं पुंजाजीच धावत होता. तोच शेठ आज सभेच्या मंचावर बसणार होता. गोकुळच्या गळ्यात नवा गमछा होता आणि मांडीवर कुबडी.

“भाऊ, तुमी नोका येऊ,” गोकुळ म्हणाला. “सोमवारी माही तारीख हाये. तुमी बी तिकडचे झाले, तं शेठसंग भांडाले कोन राहीन?”

कोणीतरी हसेल, असं पुंजाजीला वाटलं. कोणी हसलं नाही. सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात आर्जव होतं. त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं.

“मंग मी एकट्यानंच राहाव का?”

“हाव,” कचरू म्हणाला. त्यानं चावी पुंजाजीच्या इस्तरीच्या शर्टाच्या खिशात टाकली. “पाटी तशीच हाये, भाऊ. उतरवली नाही.”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पुंजाजी गुडघ्यावर हात टेकून उठला आणि फाळक्याजवळ आला. त्याला खाली उतरवायला सगळ्यांनी हात पुढं केले.