अंक तेविसावा

पंचवीस खुर्च्या मांडल्या होत्या. अकरा वाजून गेले, तरी एकही भरली नव्हती.

घणसोली गावातल्या मंडळाच्या त्या छोट्या हॉलात टेबलावर हौसेराव शेडग्यांचा फोटो होता. फोटोला हार, पुढ्यात समई आणि शेजारी त्यांची बायको जयमालाबाई, एकटी उभी. दाराबाहेर गीतांजली उभी होती. तिला आत जाऊन एकच वाक्य बोलायचं होतं, "ताई, तुमची बातमी छापली, पण ती कुणाच्या घरी पोचलीच नाही." रिक्षात तिनं ते चार वेळा घोकलं होतं. पाय मात्र उंबऱ्याशी येऊन अडले.

गीतांजली 'खाडीकाठ' या साप्ताहिकाची संपादक. वार्ताहरही तीच, मुद्रितं तपासणारीही तीच आणि गठ्ठे उचलणारीही तीच. बारा वर्षं तिनं एका मोठ्या दैनिकात काढली होती. तिथे नवी मुंबईचं पान आक्रसत आक्रसत पाव पानावर आलं, तेव्हा तिला वाटलं, आपल्या माणसांचा पेपर आपणच काढू. आई म्हणाली, "आगीतून फुफाट्यात चाललीस." आया असं म्हणतातच, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही. मोठ्या दैनिकात मेलेल्या माणसालाही जागा चौरस सेंटिमीटरनं मोजून मिळते. 'खाडीकाठ'मध्ये निधनवार्ता फुकट होती. गीतांजलीला त्याचा फार अभिमान होता.

'निधनवार्ता फुकट' या जाहिरातीवरूनच जयमालाबाईंचा फोन आला. हौसेराव बाजारात पोती वाहणारे माथाडी. निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली, छातीत कळ येऊन गेले. दहावं, तेरावं साताऱ्याकडे गावी झालं.

"पर मानूस हितं तीस वर्सं राबला ओ," बाई म्हणाल्या. "त्यांच्या टोळीतल्या मानसांनी येऊन दोन शब्द बोलावं, येवढंच वाटतंय. कोन तुर्भ्याला, कोन उलव्याला, कोन कुठं. नंबर समदे त्यांच्या फोनात. त्या फोनाचं कुलूप त्यांनाच ठावं. दुकानवाला म्हनतोय उघडतो, पर आतलं समदं पुसलं जाईल."

बाई बाजारातही जाऊन आल्या होत्या. जुनी टोळी कधीच मोडली होती. नव्या पोरांना हौसेराव कोण ते माहीत नव्हतं.

"किती घरांत जातो तुमचा पेपर?"

"दोन हजार," गीतांजली म्हणाली.

खरं तर तीनशे प्रती निघत. पण खरा आकडा कुठला संपादक सांगतो? जाहिरातवाल्यांना सांगायचं खोटं सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं. समोर जाहिरातवाला नाही, विधवा बाई आहे, हे तिला फोन ठेवल्यावर जाणवलं. तरी तीनशे म्हणजे काही कमी नाहीत, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. तेविसाव्या अंकात पहिल्याच पानावर तिनं हौसेरावांचा फोटो लावला. खाली रविवारच्या शोकसभेची जागा आणि वेळ ठळक टाइपात.

'खाडीकाठ' घरोघर जायचा तो मोठ्या दैनिकाच्या पोटात बसून. पेपरवाला शहजाद पहाटे एकेक प्रत आत सरकवायचा. शुक्रवारी तो सगळेच्या सगळे गठ्ठे घेऊन तिच्या दारात आला.

"सॉरी मॅडम. कस्टमर बोंब मारतात. पेपर उघडला की हा खाली पडतो, बोलतात, आमी मागवला नाय तर टाकतोस कशाला? माझी लाइन जाईल, कस्टमर तुटतील. आता नाय जमणार."

मग गीतांजली स्वतः एक गठ्ठा काखोटीला मारून निघाली. पहिल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. दुसऱ्या सोसायटीत 'आधी सेक्रेटरींची परवानगी आणा' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या गेटपर्यंत ती गेलीच नाही. सगळे गठ्ठे तिच्या पलंगाखाली गेले. शनिवारी तिनं जयमालाबाईंचा नंबर तीनदा लावला आणि रिंग वाजायच्या आत तीनदा कापला. काय सांगणार होती? आता हा पेपर बंद, एवढं तिनं रात्रीच ठरवलं होतं. पण बंद करण्याआधी त्या बाईच्या समोर उभं राहून खरं बोलायचं, हेही ठरवलं होतं.

हॉलवाल्यानं घड्याळ पाहिलं. "मावशी, बाराला दुसरा प्रोग्राम हाय."

"उचला," जयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही, की कुणाला बोलही लावला नाही. फोटोकडे बघत एवढंच म्हणाल्या, "कुनी न्हाई आलं ओ."

हॉलवाला खुर्च्या एकात एक घालू लागला. तो आवाज गीतांजलीला सोसवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. ती तडक आत शिरली.

जयमालाबाईंनी वळून पाहिलं. फोनवर पाच मिनिटं ऐकलेल्या बाईचा चेहरा त्यांना कुठून ठाऊक असणार? त्या लगबगीनं पुढे आल्या, दोन्ही हातांनी तिचा हात धरला. त्यांचे हात थंडगार होते आणि चेहरा मात्र असा उजळला होता, की गीतांजलीला त्याच्याकडे बघवेना.

"पेपरात वाचून आलाय व्हय तुमी?"

घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. गीतांजलीनं तोंड उघडलं. एवढ्या रिकाम्या हॉलात या बाईच्या नवऱ्यासाठी निदान एक माणूस तरी वाचून आलं, एवढंही आपण हिला देऊ नये?

"हो," ती म्हणाली. "वाचूनच आले."

जयमालाबाईंनी डोळे पुसले. मग हॉलवाल्याकडे वळून त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या,

"ठेवा त्या खुर्च्या परत. पेपर पोचलाय समद्यांकडं. आत्ता येत्याल लोकं, थांबू आपन."